सव्वादोन तोळ्यांची गोळी

निपाणीत मुरगूड रोडला चहाच्या एका टपरीसमोर रोज सकाळी जी बंदूक चालते, तिला परवाना लागत नाही. सातच्या सुमारास पहिला बार निघतो आणि दुसरा चहा येईपर्यंत रानडुकरं, गवे, एखाददुसरा बिबट्या आणि सवड असली तर आफ्रिकेतला सिंह असे सगळे आडवे झालेले असतात. रक्त सांडत नाही. सांडलाच तर चहा सांडतो.

या मंडळींत खरीखुरी बंदूक एकट्या अण्णांकडे. बारा बोर, एकनळी, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची, वडिलांच्या काळापासून घरात असलेली. त्यामुळे बंदुकीविषयी सगळ्यात कमी बोलतात तेही अण्णाच. ते डाव्या तळव्यावर तंबाखू-चुना मळतात, दोन टाळ्या मारून धूळ उडवतात आणि ओठाखाली बार भरतात. गेल्या कित्येक वर्षांत टपरीवर त्यांनी भरलेला बार तेवढाच. बाकीचे तिघे म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर, आणि दुकान उघडायच्या आधी पेपर वाचायला येणारे सोनारशेट. मी नुसता श्रोता. पण हाकाऱ्यांशिवाय शिकार होत नाही आणि ऐकणाऱ्याशिवाय गोष्ट होत नाही, म्हणून माझा चहा परस्पर सांगितला जातो.

विषयाला तोंड फुटलं ते सुभेदारांच्या भाच्यामुळे. हा भाचा टेक्सासात असतो, कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि शनिवार-रविवारी डुकरं मारायला जातो. त्यानं नवी रायफल घ्यायची ठरवली. लिव्हर-ॲक्शन, म्हणजे काऊबॉयच्या सिनेमात हिरो चापाखालची कडी खाली-वर करून खटाक्‌खटाक करतो ती. आता ती कुठल्या काडतुसाची घ्यावी, मोठ्या बोरची घ्यावी की नेहमीचीच बरी, या विचारात तो होता, आणि तसं त्यानं मामाला सहज बोलून दाखवलं. विचारलं नव्हतं. पण आपल्याकडे एखाद्यानं अडचण बोलून दाखवली की तो सल्ला मागितल्यासारखाच असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टेक्सासातलं डुक्कर मुरगूड रोडवर आलं.

सुभेदारांनी आधी तिकडची परिस्थिती सांगितली. स्पॅनिश लोकांनी कधीकाळी नेलेली पाळीव डुकरं सुटली, रानटी झाली. पुढं १९३० च्या दशकात शिकारीच्या हौशीपायी युरोपातली रानडुकरं आणून त्यांच्यात सोडली. आता ती शेतं उकरतात. जात आपल्याकडच्या रानडुकराचीच, आडनाव वेगळं. आणि २०१९ पासून तिथं जमीनमालकाची हरकत नसली तर ही डुकरं मारायला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही.

अण्णांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

“मालकाची परवानगी? म्हंजे माझ्या रानात माझी मी मला द्यायची?”

“व्हय.”

“आणि फारेस्टवाला?”

“त्येचा काय संबंध न्हाई.”

अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग तिथं डुकरं शिल्लक कशी ओ?”

वीस लाखांच्या वर असतील असा अंदाज आहे, असं सुभेदारांनी सांगितल्यावर अण्णांनी पुन्हा मळायला घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. काही करता येत नाही म्हणून डुकरं वाढतात हे त्यांचं दुःख होतं. सगळं करता येत असूनही वाढतात हे ऐकून त्यांना आधार वाटला.

भाच्यापुढं तीन काडतुसं होती. थर्टी-थर्टी, फोर फॉर्टी-फोर मार्लिन आणि पंचेचाळीस-सत्तर. मास्तरांनी कागद मागवला. मास्तर हाती आकडे आले की पेपर तपासायला घेतल्यासारखे बसतात, आणि इथं पहिल्याच प्रश्नाला उत्तरपत्रिका चुकीची निघाली. पंचेचाळीस-सत्तर म्हणजे इंचाच्या शंभरात पंचेचाळीस भाग जाडीची गोळी आणि मागं सत्तर ग्रेन काळी दारू. ठीक. थर्टी-थर्टी म्हणजे तीस भाग जाडी आणि तीस ग्रेन दारू, पण ही दारू काळी नव्हे, १८९५ च्या सुमाराची नवी बिनधुराची. तेही ठीक. मग फोर फॉर्टी-फोर? चारशे चव्वेचाळीस कशाचे? तर ती इंचाच्या हजारातली जाडी, तीही वाढवून सांगितलेली. खरी गोळी चारशे एकोणतीस-तीसची. हे काडतूस १९६४ सालचं. मास्तर म्हणाले, “एका पानावर शेकड्यानं, दुसऱ्यावर हजारानं, आणि वर उत्तर फुगवून. मी शून्य मार्क दिले असते.”

पंचेचाळीस-सत्तरचं पूर्ण नाव कळलं तेव्हा मात्र टपरीवर खरी खळबळ उडाली. पूर्ण नाव आहे ‘पंचेचाळीस-सत्तर गव्हर्नमेंट’. अमेरिकेच्या लष्करानं १८७३ मध्ये घेतलेलं हे काडतूस. लष्करानं ते कधीच सोडून दिलं, पण दुकानात आजही त्याच सरकारी नावानं मिळतं आणि भाच्यासारखा कुणीही जाऊन घेतो. आमच्याकडं नेमकं उलटं. सरकारच्या फौजेत चालतं ते काडतूस म्हणजे प्रजेला ‘प्रोहिबिटेड बोर’. साहेबाची थ्री-नॉट-थ्री आपल्या हाती पडू नये म्हणून इशापूरच्या कारखान्यातली शिकारी रायफल थ्री-फिफ्टीनची. आकडा बारा हजारांशांनी मोठा, पण काडतूस एकमेकांत बसत नाही, म्हणून कायद्याला चालतं.

“गव्हर्नमेंट नाव असून लगेच मिळतंय?” सोनारशेटनी विचारलं. या एका मुद्द्यावर अमेरिकेविषयीचा त्यांचा आदर वाढला तो अजून उतरलेला नाही.

या बोरबंदीचा इतिहास सुभेदारांना तोंडपाठ आहे, आणि तो खरोखर मजेशीर आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्यानं हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवान्याला उभं केलं आणि गोऱ्याला मोकळं सोडलं. पुढं साहेबाला वाटलं, गोऱ्या शिकाऱ्यांच्या चार-पन्नास बोरच्या रायफलींची काडतुसं फुटून बंडखोरांच्या हाती लागली तर? कारण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका त्याच मापाच्या होत्या आणि त्या कुठं कुठं लोकांकडं पडून होत्या. म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात चार-पन्नासवर बंदी आली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय केलं? चार-पासष्ट, चार-सत्तर, चार-पंचाहत्तर अशी नवी बोरं काढली. वाघाला मिळणारी गोळी कायद्यामुळे जाड झाली. बंदी घातली की माप वाढतं, हे आमच्या भागात दारूच्या बाबतीत सगळ्यांना माहीत आहे. बंदुकीच्या बाबतीत नव्यानं कळलं.

ग्रेन हा प्रकार सोनारशेटच्या हद्दीतला निघाला. एक तोळा म्हणजे एकशे ऐंशी ग्रेन, साहेबानं १८३३ साली तसा बांधूनच दिला होता. पंचेचाळीस-सत्तरची जुनी लष्करी गोळी ४०५ ग्रेनची. सोनारशेटनी कागदही घेतला नाही.

“सव्वादोन तोळे.”

मास्तरांनी भागाकार करून पाहिला. बरोबर सव्वादोन. एक गुंजही इकडंतिकडं नाही.

“सव्वादोन तोळं डुकराच्या अंगावर?” सोनारशेट कळवळले. “लेकीच्या लग्नात एवढं घालताना माणूस दोनदा दुकानातनं परत जातंय.” शिसं आहे, सोनं नव्हे, हे सांगूनही त्यांचा जीव खाली पडेना. तेव्हापासून टपरीवर गोळ्यांची वजनं तोळ्यांतच बोलली जातात. थर्टी-थर्टीची दीडशे-एकशेसत्तर ग्रेनची गोळी म्हणजे तोळ्याच्या आत. “म्हंजे एक अंगठी,” सोनारशेट म्हणतात, “एवढ्यात भागत असंल तर उगं कशाला पाटल्या?” आणि टेक्सासातले जाणते शिकारीही साधारण हेच म्हणतात, की शंभर-सव्वाशे यार्डांवरच्या डुकराला अंगठी पुरते. पाटल्या अस्वलासाठी.

आता बारा बोरचं गणित. बोर हे माप काढायची रीत जुनी आणि साधी आहे. एक पौंड शुद्ध शिसं घ्यायचं, त्याच्या बारा सारख्या गोल गोळ्या पाडायच्या. त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोरची नळी. सोळा पाडल्या तर गोळी लहान, नळी बारीक, सोळा बोर. म्हणजे आकडा वाढला की भोक लहान होतं. अमेरिकन रायफलीत आकडा वाढला की भोक मोठं होतं. मास्तरांनी पौंडाचे सात हजार ग्रेन बारानं भागले आणि गोळी आली ५८३ ग्रेनची. सोनारशेटनी लगेच बोली लावली, “सव्वातीन तोळे.” मग जाडी. बारा बोरची नळी साडेअठरा मिलिमीटर. भाच्याच्या ‘बिग बोर’ची गोळी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास.

क्षणभर शांतता पसरली.

“म्हंजे,” सुभेदार सावकाश म्हणाले, “अण्णाची मोठी?”

सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. सीमाभागातल्या माणसाला कुठल्याही बाबतीत आपण मोठे निघालो की काय करावं हे सुचत नाही, कारण सवय नसते. १९५६ च्या राज्यरचनेपासून आम्ही कुणाच्या तरी कागदावर किरकोळच आहोत. अण्णांनी पिंक टाकली आणि म्हणाले, “मोठी असून काय उपेग, पोलीस ठाण्यात हाय.”

ते खरं होतं. आचारसंहिता लागली होती. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, आणि आमच्याकडं ग्रामपंचायत, विधानसभा, लोकसभा, मध्येच एखादी पोटनिवडणूक हे चक्र असं फिरतं की अण्णांची बंदूक घरी पाहुणी म्हणून येते. एका वर्षी खंडेनवमीला ट्रॅक्टर, विळे, कोयते, शिलाई मशीन, मुलाचा लॅपटॉप असं सगळं पूजेला मांडलं होतं आणि बंदुकीच्या जागी ठाण्याची पावती. पावतीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. डुकरांना आचारसंहिता लागू नाही. उलट मतदान आणि भुईमुगाची काढणी जवळजवळ आली तर तो त्यांच्या प्रचाराचा काळ.

इथं आपल्याच राज्यातल्या कोडगूचं नाव निघतंच निघतं. तिथल्या कोडव लोकांना बंदूक बाळगायला परवान्यातून सूट आहे, इंग्रजांच्या काळापासूनची. सणाला बंदुकीची पूजा, घरात मूल जन्मलं तर हवेत बार. त्याच कर्नाटकात, त्याच विधानसौधाच्या छत्राखाली, अण्णांना नूतनीकरणासाठी फोटो काढायला जावं लागतं. “आम्ही मागनं आलो की ओ,” अण्णा म्हणतात. यात तक्रार नसते, हिशेब असतो.

अण्णांची काडतुसं एकदा बघायला मिळाली. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा, आत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली सहा. लाल रंग विटून विटकरी झालेला, बुडाच्या पितळेवर कडेनं हिरवट पुटं, तोंडाची घडी एका बाजूनं जराशी फुगलेली. अंगावर ‘शक्तिमान’ हे नाव अर्धवट वाचता येतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा माल. अण्णा एकेक काडतूस कानाशी नेऊन हलवतात. आत छर्रे खुळखुळले तर त्यांच्या मते ते जिवंत, नाहीतर मेलेलं. या परीक्षेला शास्त्रात आधार नसावा, पण ती करताना अण्णांचे डोळे मिटलेले असतात, त्यामुळे कुणी हटकत नाही.

छर्ऱ्यांचीही आपली उतरंड आहे. एल्‌जी सगळ्यात मानाचे, औंसाला सहा; मग एस्‌जी, औंसाला आठ; आणि तिथून खाली नंबरवारी. चार नंबर म्हणजे औंसाला एकशे सत्तर दाणे, आठ नंबर म्हणजे साडेचारशे. पुन्हा तेच, नंबर मोठा की दाणा बारीक. हे सगळं पक्ष्या-प्राण्यांच्या मापानं बसवलेलं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या मापाचे पक्षी-प्राणी सगळे कायद्याच्या पोटात गेले. गवा पहिल्या परिशिष्टात. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्यात होतं, १ एप्रिल २०२३ पासून नव्या रचनेत ते बढती मिळून दुसऱ्यात आलं. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकाची, किंवा त्यानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. म्हणजे परवाना बंदुकीचा, परवाना काडतुसांचा, आणि शेवटी डुकराचाही. यातलं डुक्करच तेवढं कागदाशिवाय फिरतं.

मग पीकसंरक्षणाची बंदूक करते काय? आवाज. अण्णा रात्री दोनला बांधावर उभे राहून आभाळाकडं बार काढतात. सुभेदारांनी हे ऐकून एकदा तत्त्वाचा प्रश्न काढला होता, की आवाजच करायचा तर एल्‌जी की चार नंबर, यानं फरक काय पडतो? अण्णा म्हणाले, एल्‌जीचा आवाज जरा ‘भरीव’ येतो. यावर तीन दिवस चर्चा झाली. मोठ्या बोरचं काडतूस टेक्सासात डुकरासाठी निवडतात. आमच्याकडं ते कानासाठी निवडतात, आणि कान डुकराचा नव्हे, शेजारच्या शेतकऱ्याचा. रात्री बार ऐकून सकाळी कुणीतरी विचारलं पाहिजे, “काय अण्णा, रात्री एल्‌जी का?” तेवढ्यानं काडतुसाची किंमत वसूल होते. डुकराचं म्हणाल तर ते पहिल्या रात्री पळतं, दुसऱ्या रात्री थांबून बघतं, आणि आठवड्यानं बार झाला तरी खाली मान घालून भुईमूग उकरत राहतं. तंबाखूच्या वावरात मात्र ते पाऊल टाकत नाही. तेवढी अक्कल त्याला आहे.

परत भाच्याकडं. लिव्हर-ॲक्शनला मोठं काडतूस निवडताना एक अडचण असते जी दुसऱ्या रायफलींत नसते. या बंदुकीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळकांड्यात ठेवतात, आणि रेशनच्या रांगेत माणसं जशी पुढच्याच्या पाठीला नाक लावून उभी असतात तशी ती एकामागं एक असतात. आता पुढच्याच्या पाठीत, नेमकं मधोमध, त्याची टोपी म्हणजे प्रायमर असतो. मागच्याचं नाक टोकदार असलं आणि बंदुकीचा धक्का बसला तर ते त्या टोपीवर आपटून रांगेतच भडका उडायचा. म्हणून या बंदुकीच्या गोळ्या चपट्या नाकाच्या. चपटं नाक वाऱ्याला अडतं, गोळी लवकर मंदावते आणि लांबवर खाली पडते. पंचेचाळीस-सत्तरचा जुना जड बार शंभर यार्डांवर जुळवला तर दोनशे यार्डांवर गोळी फुटा-दोन फुटांनी खाली जाते. डुकराच्या खांद्यावर धरलेला नेम जमिनीत. अलीकडं मऊ रबरी टोकाच्या गोळ्या निघाल्यात, त्या नाकानं टोचत नाहीत आणि वाराही कापतात. टेडी रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत सिंहाच्या शिकारीला लिव्हर-ॲक्शनच घेऊन गेला होता, विंचेस्टरची ४०५ बोरची, आणि सिंहावरचं जालीम औषध म्हणून तिचं कौतुक करायचा. पण त्या बंदुकीला नळकांडं नव्हतं, पोटात पेटी होती. रांग नव्हती, म्हणून टोकाची भानगड नव्हती.

हे ऐकून सुभेदारांनी आपलं मत दिलं. पलटणीत त्यांनी एसएलआर चालवली. त्यांच्या मते काडतुसाचा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न खांदा, दुसरा श्वास. हलक्या बंदुकीत जड काडतूस घातलं की दणका असा बसतो की तिसऱ्या गोळीपासून माणूस चाप दाबायच्या आधीच डोळे मिटतो. “डोळं मिटून मारायचं तर मग चार नंबर काय आणि चार-पन्नास काय!” यावर अण्णा हसले. आभाळाला नेम लागत नाही.

मोठ्या जड गोळीबद्दल एक समज शिकाऱ्यांत पक्का आहे, की ती झाडोऱ्यातून सरळ जाते. प्रत्यक्षात फांदीला लागली की कुठलीही गोळी वाकडी जाते. कमी-जास्त एवढाच फरक. पण टपरीवर प्रश्न वेगळाच निघाला. आमचं डुक्कर झाडोऱ्यात नसतं, उसात असतं. बारा महिन्यांच्या उसात माणसाला स्वतःचा हात दिसत नाही. आणि समजा गोळी सरळ गेलीच, तर जाते कुठं? रायफलीची गोळी मैलभर सहज जाते. निपाणीच्या पश्चिमेकडच्या वावरातून मैलभर म्हणजे कागल तालुका.

मास्तर दचकले. “म्हणजे कर्नाटकात मारलेली गोळी महाराष्ट्रात पडणार?”

“आणि डुक्कर?”

“डुक्कर तिकडनंच आलेलं असतंय.”

इथं विषय काडतुसावरून खटल्यावर गेला. डुक्कर महाराष्ट्राच्या रानातलं, भुईमूग कर्नाटकातला, नुकसानभरपाई जिथं वावर तिथल्या सरकारची, अर्ज कन्नडमध्ये, अर्ज भरून देणारा मराठी, आणि जखमी डुक्कर ओढा ओलांडून गेलं तर पंचनामा कुणी करायचा? अण्णांच्या जुन्या परवान्यावर क्षेत्र लिहिलंय, त्यांचा तालुका. ओढ्यापलीकडं बंदूक नेली तर ती बेकायदा. सीमावादावर महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला, १९६७ मध्ये अहवाल आला, महाराष्ट्र २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथल्या निकालात डुकरांचं काही येईल अशी आशा नाही. सुभेदारांनी भाच्याला निरोप धाडला, की इकडं पंचेचाळीस-सत्तर चालणार नाही, राज्याबाहेर जाते. भाच्यानं नुसता अंगठा पाठवला.

बेळगावची मंडळी असली की बिबट्या निघतोच. ५ ऑगस्ट २०२२ ला जाधवनगरात बिबट्यानं एका बांधकाम मजुराला जखमी केलं आणि तो गोल्फ कोर्सच्या झाडीत शिरला. पुढं जवळजवळ महिनाभर बेळगाव शहर त्याच्या नावानं उठत-बसत होतं. आसपासच्या बावीस शाळांना सुट्ट्या, पिंजरे, ट्रॅप कॅमेरे, ड्रोन, बेशुद्ध करायच्या बंदुकीवाले, शिकारी कुत्री, आणि शेवटी शिमोग्याकडच्या सक्रेबैलूच्या कॅम्पातून हत्ती. त्या महिन्यात गणपत गल्लीपासून टिळकवाडीपर्यंत प्रत्येक घरात काडतूसतज्ज्ञ होता. कुणी थ्री-फिफ्टीन म्हणायचा, कुणी एल्‌जी. एका हॉटेलात तर दोघांचं कुंद्याच्या दोन बशा संपेपर्यंत भांडण झालं आणि दोघांनीही आयुष्यात छर्ऱ्याची बंदूक जत्रेतल्या फुग्यांखेरीज कशावर चालवलेली नव्हती. बाजारात तुरी, तशातला प्रकार. मुलं खूश होती; शाळा बंद ठेवणारा प्राणी त्यांच्या लेखी संरक्षित असायलाच हवा. बिबट्या दोनदा-चारदा दिसला, एकदा लाठी घेतलेल्या पथकासमोरून गेला, आणि सापडला नाही तो नाहीच. १९२४ साली ज्या गावात गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले त्या गावाला हा शेवट शोभला, असं मास्तरांचं मत. सुभेदारांचं मत वेगळं आहे, ते छापण्याजोगं नाही.

परवा भाच्यानं व्हिडिओ कॉल लावला. शेवटी त्यानं थर्टी-थर्टीच घेतली होती. अंगठी. सोनारशेटना इतका आनंद झाला की सगळ्यांचा चहा त्यांनी दिला. भाच्यानं कडी खाली-वर करून दाखवली, चपट्या नाकाची काडतुसं दाखवली, मागं काटेरी तारेचं कुंपण दिसत होतं. मग त्यानं विचारलं, “मामा, आपल्याकडं डुकराला सध्या काय वापरतात?”

सुभेदारांनी फोन अण्णांकडं वळवला.

“साड्या,” अण्णा म्हणाले.

भाच्याला वाटलं आवाज तुटला. तुटला नव्हता. जुन्या साड्या खांबांना बांधून वावराभोवती ओढतात. रात्री वाऱ्यावर फडफडतात, माणसाचा वास असतो, डुक्कर बिचकतं. निदान काही दिवस बिचकतं. फटाका, कार्बाइडची पाईप, झटका मशीन, सगळं करून झाल्यावर अण्णा या हंगामात साड्यांवर आले आहेत. भाचा गंभीर झाला. किती लागतात, त्यानं विचारलं. मास्तरांचा कागद तयारच होता. चौकोनी एकराची कड २७८ वार. नऊवारी घेतली तर एकतीस, सहावारी घेतली तर सत्तेचाळीस, गाठी धरून वर दोन-चार.

“नऊवारीच घ्या,” सुभेदार म्हणाले. “पल्ला मोठा.”

“नऊवारी सुती,” अण्णा म्हणाले, “दवानं भिजली की पडून ऱ्हातीय. सहावारी शिंथेटिक फडफडती.”

“रंग कुठला पण?” भाच्यानं टेक्सासातून विचारलं.

लाल की पिवळा, काठाची की बिनकाठाची, पदर वाऱ्याच्या दिशेला की आडवा, यावर दोन राज्यं आणि दोन देश मिळून वीस मिनिटं गेली. सोनारशेटचं म्हणणं जरीचा काठ चांदण्यात चमकतो, तर इरकलच उत्तम, दुसरं काही बघूच नये. अण्णा यावर काहीच बोलले नाहीत, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून होता. आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“माझी लाल इरकल कुठं हाय?”

अण्णांनी तोंडातला बार सावरला आणि फोन सुभेदारांपुढं धरला. “तुम्ही पल्टणीतलं,” ते म्हणाले, “तुम्हीच बोला.”